धारची दुपार, देवासची दुपार

मंडळी, आपल्या पवारांच्या धार-देवासला सूर्यसुद्धा एकदम माथ्यावर येत नाही; देवासला तीनेक मिनिटं आधी येतो! १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, तिच्यामागे धारची सूर्यवेळ सुमारे २९ मिनिटं.

२०१९मध्ये इंदूरहून दुबईचं विमान सुरू झालं. धाकटा भाऊ निघाला. तिकिटावर सुटायची वेळ इंदूरची, पोचायची दुबईची. आईनं सरळ वजाबाकी केली: जेमतेम दोन तास! दुबई दीड तास मागे, हे तिला कुणी सांगितलंच नाही. फोन येईना, तशी देवापुढे जाऊन बसली. वैमानिक मात्र सगळीकडे एकच जागतिक वेळ पाळतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची.

घरच्या म्हाताऱ्यांना प्रवासाचे खरे तास आधीच सांगून ठेवा हो.