लॅक्स्टनचे पंच

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन नावाचे छोटे गाव आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस तेथील शेतकऱ्यांची ज्युरी गव्हाची पेरणी झालेल्या शिवारात हिंडते. कोणी बांध कोरला आहे का, रस्त्याकडेच्या गवतात नांगर घातला आहे का, एवढेच पाहायचे. हद्द सरकलेली दिसली की खुंटी ठोकायची. आठवड्याभराने गावच्या पबमध्ये मॅनॉरचे न्यायालय, म्हणजे ‘कोर्ट लीट’, भरते आणि दोषी शेतकऱ्याला काही पौंडांचा दंड होतो.

मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागातील असंख्य गावांची शेती अशीच चाले. शिवार तीन, त्यांना कुंपण नाही. प्रत्येक कुटुंबाच्या जमिनीच्या लांबट पट्ट्या तिन्ही शिवारांत विखुरलेल्या. एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसरे पडीक, आणि दरवर्षी पाळी पुढे सरकायची. कधी पेरायचे, गुरे कधी सोडायची, हे एकट्याने ठरवता येत नसे. जमीन विखुरलेली असल्याने वस्तीही गावातच. रस्त्याच्या दुतर्फा शेतकऱ्यांची घरे आणि मागे कोठारे. लॅक्स्टनमध्ये ती ठेवण आजही दिसते.

या गावाचा १६३५ चा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. सर विल्यम कोर्टीन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने गाव विकत घेतले होते. त्याच्यासाठी मार्क पीअर्सने मोजणी केली. नकाशात दोन हजारांवर पट्ट्या आहेतच, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी चिमुकली माणसेही आहेत. मोजणीदाराला ती काढण्याची काहीच गरज नव्हती, म्हणून मला ती फार मोलाची वाटतात.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने कायद्यामागून कायदे करून अशी शिवारे कुंपणात घातली. मोठ्या जमीनदारांचे साधले. सामाईक रानात एखादी गाय चारणाऱ्या गरिबाचा आधार गेला. मग लॅक्स्टन कसे वाचले? परंपरेवरच्या प्रेमाने, असे सांगायला बरे वाटते. मला ते पटत नाही. इथली जमीन मुख्यतः दोन उमरावांकडे होती. कुंपणाचा खर्च आणि त्या दोघांतले न जमणे, ही कारणे अधिक खरी दिसतात. शिवाय जुने जसेच्या तसे टिकले असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या गेल्या, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला.

१९५२ मध्ये सरकारच्या शेती मंत्रालयाने ही मालमत्ता घेतली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने घेतली. मालक बदलले तरी कुळे कसतच राहिली. १९७७ च्या कायद्याने देशभरच्या कोर्ट लीटांचे न्यायाधिकार काढून घेतले, अपवाद लॅक्स्टनचा. त्यामुळे पबमधल्या त्या टेबलावर लागणाऱ्या दंडामागे आजही कायदा उभा आहे. पुढच्या वर्षीची ज्युरीही त्याच बैठकीत नेमली जाते.