चिनी कथा-चित्रपटांतील दासी आणि तिचे नाव

जुन्या करारात नामान सेनापतीची कथा आहे. लढाईत पकडून आणलेली इस्राएलची एक लहान मुलगी त्याच्या पत्नीच्या सेवेत होती. शोमरोनातील संदेष्टा आपल्या धन्याला कुष्ठरोगातून बरे करील, असे तिने मालकिणीला सांगितले आणि तिच्या त्या एका वाक्यावर पुढची सारी कथा उभी राहिली. सेनापतीचे नाव आपण जाणतो, संदेष्ट्याचे जाणतो, त्याचा लोभी सेवक गेहजी याचेही जाणतो. त्या मुलीचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

चिनी कथा-कादंबऱ्या आणि चित्रपट यांतून भेटणाऱ्या दासींचा मागोवा घेताना ही मुलगी आम्हांला वारंवार आठवली. हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे, असे कोणास वाटेल. परंतु चिनी मोलकरणीला सर्वत्र ओळखले जाते ते 'आमा' या नावाने, आणि बहुतेक कोशकार हा शब्द पोर्तुगीज भाषेतील दाईवाचक शब्दाशी जोडतात. मुले सांभाळणारी स्त्री या अर्थाच्या दुसऱ्या एका पोर्तुगीज शब्दापासून आपली 'आया' झाली. १५७६ मध्ये स्थापन झालेला मकावचा धर्मप्रांत गोव्याच्या महाधर्मप्रांताच्या छत्राखाली होता. ज्या समुद्रमार्गाने एक शब्द वसई-गोव्याला रुजला, त्याच मार्गाने दुसरा चीनच्या किनाऱ्याला लागला. दोन्ही शब्द काम सांगतात, माणूस सांगत नाहीत.

चिनी कादंबरीचा मुकुटमणी म्हणजे त्साव शुएछिन यांची 'लाल महालाचे स्वप्न'. लेखक १७६३ च्या सुमारास वारले आणि १२० प्रकरणांची ही कादंबरी १७९१ मध्ये प्रथम छापली गेली. जिआ नावाच्या वैभवशाली घराण्याच्या या कथेत दासींची संख्या मोठी आहे आणि त्यांतील कित्येक जणी मालकिणींपेक्षाही ठसठशीत उतरल्या आहेत. तथापि त्यांची नावे मालकांनी ठेवलेली आहेत. धाकट्या मालकाची सेवा करणारी शिरेन पूर्वी आजीच्या पदरी होती, तेव्हा तिचे नाव 'मोती' होते. मुलाच्या सेवेत येताच त्याने एका जुन्या काव्यपंक्तीवरून तिचे नवे नामकरण केले. चिनछुआन नावाची दासी एका थट्टेपायी थप्पड खाऊन कामावरून काढली जाते आणि विहिरीत जीव देते. मालकीणबाई हळहळतात, तिच्या आईला पैसे देतात आणि प्रकरण मिटते. युआनयांग मात्र वेगळी आहे. घरातील एक वयस्क धनी तिला उपपत्नी करू पाहतो; तिचे भाऊ-भावजयही तिला गळ घालतात. ती वृद्ध मालकिणीपुढे गुडघे टेकते, कोणाशीही लग्न करणार नाही अशी शपथ वाहते आणि कात्रीने स्वतःचे केस कापू लागते. स्वतःच्या देहावर एवढाच अधिकार तिला उरला होता. पुढे ती मालकीण वारल्यावर युआनयांग गळफास घेते, कारण तिला राखणारे दुसरे कोणी त्या घरात नव्हते.

या घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी कथानक फारसे बदलले नाही. बा जिन यांची 'कुटुंब' ही कादंबरी १९३१ मध्ये शांघायच्या वृत्तपत्रातून क्रमशः आली व १९३३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. चेंगडू शहरातील काव घराण्यात मिंगफेंग नावाची सोळा-सतरा वर्षांची दासी आहे. घराण्याचे कर्ते आजोबा तिला आपल्या एका म्हाताऱ्या मित्राला उपपत्नी म्हणून देऊन टाकतात. धाकटा नातू जुएहुई तिच्यावर प्रेम करतो. तो नव्या विचारांचा, समतेचा पुरस्कर्ता. एका नियतकालिकासाठी रात्र-रात्र लेख लिहिणारा. पाठवणीच्या आदल्या रात्री मिंगफेंग त्याच्या खोलीत येते. त्याला काहीच ठाऊक नसते. हातातला मजकूर संपवायचा म्हणून तो तिला एक-दोन दिवस थांबायला सांगतो. ती तशीच बाहेर पडते आणि बागेतल्या तळ्यात देह टाकते. तिच्या जागी दुसरी दासी पाठवली जाते.

पददलितांच्या मुक्तीविषयी लिहिणारा तरुण आपल्या दारात उभ्या असलेल्या मुलीला "जरा थांब" म्हणतो, हा प्रसंग लिहिण्यास मोठे धैर्य लागते. बा जिन स्वतः अशाच मोठ्या घरातून आले होते. आपल्यासारख्याच एका मुलाला त्यांनी येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

हाच धागा लू शुन यांच्यात अधिक खोल जातो. १९२६ च्या एका आठवणीपर लेखात त्यांनी लहानपणीच्या आपल्या दाईचे चित्र रेखाटले आहे. घरात तिला 'आ चांग' म्हणत. चांग म्हणजे उंच. ही बाई तर बुटकी आणि जाड होती. झाले होते असे, की आधीची मोलकरीण उंच होती. ती गेली, ही आली, आणि पहिलीचे नाव हिला लागले. लहानग्या लू शुनला पुराणातील विचित्र प्राण्यांच्या चित्रांचे एक पुस्तक फार हवे होते. घरातील कोणा शिकल्यासवरल्या माणसाने ते आणून दिले नाही. अक्षरशत्रू आ चांगने सुट्टीवरून परतताना ते आणले. तिच्या मृत्यूला तीस वर्षे होत आली तेव्हा लेखकाला उमगले, की तिचे खरे नाव आपल्याला कधी कळलेच नाही. कवी आय छिंग यांनी १९३३ मध्ये तुरुंगातून आपल्या दाईवर कविता लिहिली. ती बाईही आपल्या माहेरगावाच्या नावानेच ओळखली जाई.

लू शुन यांच्या 'नववर्षाचा नैवेद्य' या १९२४ च्या कथेतील स्त्रीलाही स्वतःचे नाव नाही. ती 'शियांगलिनची बायको' आहे, आणि हा शियांगलिन कथा सुरू होण्यापूर्वीच वारला आहे. ही विधवा एका प्रतिष्ठित घरी महिना पाचशे नाण्यांवर कामाला राहते आणि पुरुषाच्या बरोबरीने राबते. सासू तिला जबरीने उचलून नेते व डोंगरातल्या गावी दुसऱ्या पुरुषाला विकते. तो नवरा तापाने जातो, लहान मुलाला लांडगा नेतो. ती पुन्हा जुन्या मालकाकडे येते. आता ती दोन नवऱ्यांची म्हणून अशुभ. पूर्वजांच्या नैवेद्याच्या भांड्यांना तिने हात लावायचा नाही. परलोकात दोघे नवरे तुला मागतील आणि यमराज तुझे करवतीने दोन तुकडे करील, अशी भीती एक सहकारीण तिला घालते. उपाय एकच, देवळाला एक उंबरठा दान करायचा. लोकांनी तो तुडवला की तिचे पाप फिटेल. वर्षभराची कमाई ती त्या उंबरठ्यात घालते. सणाच्या दिवशी आनंदाने नैवेद्याच्या ताटाकडे जाते, तोच मालकीण तिला ताट ठेवून दे म्हणून बजावते. त्या क्षणी ती आतून मोडते आणि अखेर भिकेला लागते.

मरणापूर्वी तिला गावी आलेला एक सुशिक्षित गृहस्थ भेटतो. तोच या कथेचा निवेदक. ती त्याला विचारते: मेल्यावर आत्मा उरतो का? नरक असतो का? मेलेली घरची माणसे पुन्हा भेटतात का? गृहस्थ चाचरतो, निश्चित सांगता येत नाही असे म्हणून काढता पाय घेतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गावभर फटाके वाजत असताना, तिच्या मृत्यूची वार्ता येते.

आम्हां ख्रिस्ती वाचकांना हे प्रश्न अनोळखी नाहीत. धर्मशिक्षणाच्या पहिल्या पुस्तकात त्यांची उत्तरे आपण पाठ केली आहेत. परंतु ही बाई सिद्धान्त विचारत नव्हती. मेलेले मूल भेटेल का, ही तिची आशा होती, आणि दोन नवरे भेटतील, हे तिचे भय होते. तिचे भय ओळखायला तिच्याजवळ क्षणभर थांबणे आवश्यक होते आणि तेवढा वेळ त्या शिकलेल्या माणसाजवळ नव्हता. १९५६ मध्ये सांग हू यांनी या कथेवर चित्रपट केला. पटकथा शिया यान यांची, नायिका बाय यांग. त्यात ती स्त्री हाती शस्त्र घेऊन देवळातला आपण दिलेला उंबरठा तोडते. नव्या राजवटीला बंड करणारी नायिका हवी होती. आम्हांला मात्र मूळ कथेतील तो अनुत्तरित प्रश्न त्या घावांपेक्षा भारी वाटतो.

पाश्चात्त्य वाचकांपर्यंत ही दासी पोचवली पर्ल बक यांनी. मिशनऱ्यांची ही मुलगी चीनमध्ये एका चिनी आमाच्या मांडीवर वाढली. 'द गुड अर्थ' या १९३१ च्या कादंबरीतील ओ-लान ही श्रीमंत ह्वांग घराण्यातील गुलाम मुलगी. शेतकरी वांग लुंगशी तिचे लग्न होते. लुटीत सापडलेल्या रत्नांतून ती फक्त दोन मोती स्वतःकडे ठेवून घेते. पुढे नवरा तेही मागतो आणि दुसऱ्या बाईला देतो. १९३७ च्या चित्रपटात ही भूमिका जर्मन वंशाच्या लुइझ रेनर यांनी केली व ऑस्कर मिळवले. अॅना मे वाँग ही चिनी वंशाची नामांकित अभिनेत्री हॉलिवूडमध्येच असताना ही भूमिका तिला मिळाली नाही. मूक दासीची व्यथा जगाने पाहिली खरी, पण चेहरा दुसरीचा होता.

कथा लिहिल्या जात होत्या तेव्हा खऱ्या मुलींचे काय चालले होते? दक्षिण चीनमध्ये गरीब घरातल्या विकत घेतलेल्या मुलींना 'मुई-त्साई' म्हणत. म्हणजे 'धाकटी बहीण'. ब्रिटिश नौदल अधिकारी ह्यू हॅझलवुड आणि त्यांच्या पत्नी क्लॅरा यांनी १९१९ पासून हाँगकाँगमधील या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. १९२३ मध्ये कायदा झाला, पण नोंदणीचे कलम १९२९ पर्यंत अंमलात आले नाही. अशाच एका मुलीने, जॅनेट लिम यांनी, पुढे स्वतःची कहाणी लिहिली. आठव्या वर्षाच्या सुमारास त्या सिंगापुरात विकल्या गेल्या. सुटका झाल्यावर मिशनच्या शाळेत शिकल्या आणि परिचारिका झाल्या. त्यांचे आत्मचरित्र १९५८ मध्ये निघाले. येथे प्रथमच मालकाच्या मुलाऐवजी दासी स्वतः बोलते, आणि पुस्तकावर तिचे स्वतःचे नाव आहे.

बाहेरून लिहिणाऱ्यांत शांघायच्या चांग आयलिंग यांनी स्वयंपाकघरातून पाहण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या १९४४ च्या एका कथेतील आ शियाव एका परदेशी माणसाकडे कामाला आहे. त्याच्या मैत्रिणींचे टेलिफोन ती घेते, त्याची लबाडी झाकते आणि त्याला पुरती ओळखूनही असते. तिला शाळेत जाणारा मुलगा आहे, अभिमान आहे, थकवा आहे. ती मरत नाही, बंडही करीत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर हजर होते.

कामावर हजर होणाऱ्यांत 'माजे' नावाच्या स्त्रिया विशेष ओळखल्या जात. ग्वांगडोंगमधील शुंदे परगण्यात रेशमाचा धंदा होता आणि स्वतः कमावणाऱ्या कित्येक मुली देवीपुढे केसांचा अंबाडा बांधून आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत घेत. १९३० च्या दशकात तो धंदा बुडाला, तेव्हा त्यांतील अनेक जणी पांढरा सदरा आणि काळी विजार घालून हाँगकाँग, सिंगापूर, मलायात घरकामाला गेल्या. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी घरी पैसे पाठवले. आमच्या धर्मभगिनींच्या व्रताशी हे व्रत जुळत नाही. पण कोणाची मालमत्ता न होण्याचा निर्धार त्यातही होता.

अॅन हुई यांच्या २०११ मधील चित्रपटाची नायिका आ ताव ही अशाच पिढीची खूण आहे. इंग्रजीत त्याचे नाव 'अ सिंपल लाइफ'. साठ वर्षे एकाच घरी राबलेल्या आ तावला अर्धांगवायूचा झटका येतो आणि ती वृद्धाश्रमात जाते. तिने वाढवलेला मुलगा, आता मध्यमवयीन निर्माता, तिला भेटत राहतो व स्वतःला तिचा मानसपुत्र म्हणवतो. चित्रपटाचे निर्माते रॉजर ली यांच्याच घरची ही हकीकत. डीनी इप यांना या भूमिकेबद्दल व्हेनिस येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. चित्रपट हळुवार आणि प्रामाणिक आहे. तरीही ही कहाणी पुन्हा घरच्या मुलानेच सांगितली आहे.

येथे आम्हांला एक गोष्ट म्हणावीशी वाटते. दासीविषयीच्या या उत्तम कलाकृती बहुतांशी त्या घरातील मुलांनी केलेली पापनिवेदने आहेत. पापनिवेदनाला आम्ही कमी लेखत नाही. परंतु पश्चात्तापाबरोबर भरपाईही हवी, असे आपली ख्रिस्तसभा शिकवते. जक्कयाने नुसते अश्रू ढाळले नाहीत. लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. आ चांगला लेख मिळाला, पण तोवर ती ऐकायला उरली नव्हती.

काळाचे चक्र फिरले. अँथनी चेन यांच्या २०१३ च्या 'इलो इलो' या चित्रपटात सिंगापूरच्या चिनी घरी फिलिपीन्सची कॅथलिक तेरेसा येते आणि मालकीण प्रथम तिचा पासपोर्ट काढून घेते. ज्या समाजाच्या आजीने परक्याची भांडी घासली, त्याच समाजाची नात आता मालकीण आहे. म्हणून बोट चिनी माणसाकडे दाखवून भागणार नाही. मुंबईत धर्मभगिनी जीन देवोस यांनी १९८५ मध्ये घरकामगार स्त्रियांची चळवळ उभारली, ती आपल्याच शहरातील घरे पाहून. आपल्या समाजाच्या लेकीही परक्या घरी 'आया' म्हणून राबल्या आहेत, आणि आज आपल्या घरी आदिवासी पाड्यांवरच्या मुली येतात.

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राम आणि साराय आपल्या दासीचा उल्लेख नेहमी 'दासी' असाच करतात. रानात झऱ्याजवळ देवदूत येतो आणि प्रथमच तिला हागार अशी हाक मारतो. मग कोठून आलीस, कोठे जातेस असे विचारतो. सकाळी आपल्या घराची घंटा वाजवणाऱ्या बाईला हे दोन प्रश्न आपण कधी विचारले आहेत का? तिचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे का? आणि तिची रजा, तिचे वेतन, तिचे आजारपण यांचा हिशेब तिच्या हयातीत पुरा होणार आहे, की आपल्या मुलांनी तीस वर्षांनी तिच्यावर लेख लिहायचा आहे?