बारी, बारणे आणि बडोदे

आपल्या सोसायटीतल्या काही घरांची मुले आज सुरत, अहमदाबाद, वडोदऱ्याला नोकरीला आहेत. नातवंडे सांभाळायला आपण म्हातारे तिकडे जातो आणि महिना-महिना मुक्यासारखे बसतो. बाजारात हिंदीवर भागते हो, पण शेजारच्या आजीबाईंशी सुखदुःख बोलायचे तर त्यांचीच भाषा लागते.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. १७३४ पासून बडोद्यावर गायकवाडांचा अंमल होता आणि त्यांच्यामागे कितीतरी मराठी कुटुंबे तिथे गेली. दांडिया बाजार, रावपुरा भागात स्थायिक झाली. घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती, असा त्यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. १८७५ साली नाशिककडच्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. तेच सयाजीराव महाराज. त्यांनाही मराठीबरोबर प्रजेची गुजराती शिकावी लागली. पुढे १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९३१ मध्ये त्यांच्या राज्याने आठ भाषांतील कारभारी शब्दांचा कोश काढला, त्यात मराठी-गुजराती शेजारी-शेजारी होत्या.

आपला वऱ्हाडही गुजरातपासून फार लांब नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६०, म्हणजे साडेतीन वर्षे, शेंदूरजनाघाट आणि बडोदे एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होते!

गुजराती शिकायला सोपी, पण फसवी. आपली ‘ओसरी’ तिकडेही ओसरीच. ‘बारी’ म्हणजे मात्र पाळी नाही, खिडकी. ‘बारणुं’ म्हणजे दार. ‘ओरडो’ ऐकून घाबरू नका, कोणी ओरडत नाही, ती खोली आहे. स्वयंपाकघर ते ‘रसोडुं’, जिना तो ‘दादर’, गल्ली ती ‘शेरी’. भाजीवालीकडे कांदा नाही, ‘डुंगळी’ मागायची. हळद ‘हळदर’ होते, मीठ ‘मीठुं’. जुन्या शहरात ‘पोळ’ म्हटले की खायची पोळी आठवू नका. एका दरवाजाआड मिळून राहणाऱ्या घरांची ती वस्ती, आपल्या सोसायटीची थोरली बहीणच म्हणा ना.

बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या गावी एक गोष्ट मी पाहिली. खातेदाराच्या भाषेत एक शब्द बोललो की काउंटरपलीकडचा चेहरा खुलायचा. म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त सुचवतो, तिकडे जाण्याआधी वहीत घरचे नि गल्लीचे पंचवीस शब्द लिहून घ्या. वर्षाला एक असे धरले, तरी सोसायटीच्या वयाइतके होतील. चुकले तर नातवंडे हसतील. हसू द्या, तीच तर आपले मास्तर.