डीएलई, डीएलएस, डीएलएक्स : इंडिकाची बाराखडी

मोटारगाडीच्या पाठीवरची अक्षरे ऐतिहासिक साधन म्हणून वाचण्याची प्रथा आपल्याकडे नाही. तरीही नव्वदच्या दशकातील मध्यमवर्गाने स्वतःकडे कसे पाहिले हे शोधताना आम्हांला टाटा इंडिकाच्या अक्षरांकडे वळावेसे वाटते.

1983 साली मारुती 800 आली तेव्हा गाडी मिळणे हेच भाग्य होते. कोणती घ्यावी हा प्रश्न दुय्यम होता. 1993 साली 993 सीसीची झेन आली. 1998 साली सँट्रो, मॅटिझ आणि वर्षअखेरीस इंडिका आली, आणि ग्राहकाला प्रथमच निवडीचे ओझे जाणवू लागले. झेनएवढा आकार, अँबॅसडरएवढी ऐसपैस जागा, मारुती 800च्या जवळपास किंमत आणि डिझेलचा अल्प खर्च, असा रतन टाटांचा संकल्प होता. तूरिनच्या आयडिया या संस्थेच्या साहाय्याने रेखाटलेली ही गाडी पुण्यात पिंपरी-चिंचवडला घडली.

तिच्या इंजिनाचे नाव 475. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 75 मिलिमीटर, 79.5 मिलिमीटरच्या स्ट्रोकसह क्षमता 1405 सीसी. पेट्रोल आणि डिझेल, दोन्ही इंजिने याच क्षमतेची असल्यामुळे खरी निवड इंधनाची होती. शेती आणि मालवाहतुकीचा विचार करून सरकारने डिझेल स्वस्त ठेवले होते. ट्रक-ट्रॅक्टरसाठीची ही सवलत आता कुटुंबाच्या छोट्या गाडीतही शिरली. धोरणाचा हेतू आणि त्याचा उपभोग यांतील हे अंतर आम्हांला महत्त्वाचे वाटते.

अक्षरांतले पहिले ‘डी’ डिझेलचे, शेवटचे अक्षर पायरीचे. डीएलईला वातानुकूलन नाही, डीएलएसला आहे, डीएलएक्सला त्याशिवाय विजेवर चालणाऱ्या काचा. इंजिन तेच, पत्रा तोच. फरक सुखसोयींचा होता, पण तो घोषित होई गाडीच्या पाठीवर, म्हणजे मागून येणाऱ्यासाठी. मालकाला आत बसून न दिसणारी ही अक्षरे मुळात शेजाऱ्याला उद्देशूनच लिहिलेली होती.

पुढे संहितेचा वाचकच बदलला. 2001 साली सुधारित व्ही2 आली. कमी इंधनखर्च आणि मागच्या आसनावरची प्रशस्त जागा हे गुण भाड्याच्या गाडीला अचूक मानवले. खालच्या पायऱ्यांच्या डिझेल इंडिका पिवळ्या पाट्या लावून स्थानकांवर, विमानतळांवर उभ्या राहिल्या. तसतशी, ‘ही तर टॅक्सी’ म्हणून, ज्याच्यासाठी ती कल्पिली होती तो वर्ग तिच्यापासून दूर सरकू लागला.

2018 साली इंडिकाचे उत्पादन थांबले. तिच्याविषयी बोलताना स्वदेशीचा अभिमान आणि टॅक्सीची हेटाळणी एकाच तोंडी ऐकू येते. आम्हांला वाटते, हेटाळणीतच तिचे यश नोंदले गेले आहे. प्रतिष्ठेच्या शिडीवर जी पायरी तळाची ठरवली होती, तिच्यावर अनेक चालकांनी आपले घर उभे केले. ‘ई’ या अक्षराचा तो अर्थ कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नव्हता.