माहीमची खाडी आणि पायी चालणारा माणूस

पूल कोणी बांधला हे इतिहासात सापडते. त्यावरून कोण चालत गेले हे सहसा सापडत नाही. माहीमच्या खाडीवरचा रस्ता मात्र पायी चालणाऱ्याचा विचार करून झाला, म्हणून त्याची कथा पुन्हा सांगावीशी वाटते.

मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये ही खाडी. अलीकडे माहीम, कुराणाचे थोर भाष्यकार हजरत मखदूम फकीह अली माहिमी यांचा दर्गा इथे आहे. पलीकडे वांद्रे, माउंट मेरीच्या जत्रेचे. शीवहून साष्टीत जाणारा बांध १८०५ मध्ये पुरा झाला होता, पण वांद्र्याच्या माणसाला तो वळसा लांबचा. त्याला होडीच जवळची. १८४१ च्या पावसाळ्यात या खाडीत वीस होड्या उलटल्या. तरीही बांधाचा खर्च उचलायला कंपनी सरकार राजी नव्हते.

तो भार लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी उचलला. दीड लाखाहून अधिक रुपये त्यांनी दिले आणि एक अट घातली : या रस्त्यावर लोकांकडून टोल घेऊ नये. १८४३ मध्ये काम सुरू झाले, १८४५ मध्ये रस्ता खुला झाला.

देणगीपेक्षा ही अट मला मोठी वाटते. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण आणि उरुसाला निघालेला फकीर यांना रोजचा टोल म्हणजे बंद दरवाजाच. आपल्याकडे विहीर, सराई, पूल यांना सदका-ए-जारिया मानतात; देणारा गेला तरी त्याचे पुण्य वाहत राहते. वाटेतला काटा दूर करणे हाही सदका, ही पैगंबरांची शिकवण. आवाबाई पारशी होत्या. पण त्यांचे दान या व्याख्येत नेमके बसते.

पुढे १८६७ मध्ये विरारहून मुंबईला रेल्वे धावू लागली आणि वांद्रे उपनगर होण्याच्या वाटेला लागले. रेल्वेने गावे जोडली. स्टेशनापासून घरापर्यंतची वाट जोडायची राहून गेली. वांद्रे पूर्वेला स्टेशनपासून कलानगरकडे जाणारा स्कायवॉक खुला झाला तो जून २००८ मध्ये. गर्दीतून सुटका झाली हे खरे; पण वाहनांना जमीन मिळाली आणि पादचाऱ्याला जिने. म्हातारे माणूस, मूल कडेवर घेतलेली बाई, ओझेवाला यांनी किती पायऱ्या चढायच्या?

३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. तिथे टोल आहे आणि पायी चालणाऱ्याला मज्जाव आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूवरही तेच. उपनगरातल्या रिक्षाला आजही बेटावरच्या शहरात परवानगी नाही. खाडीपाशी उतरून बस किंवा टॅक्सी धरावी लागते. ज्या पाण्यावर आवाबाईंनी फुकट वाट दिली, त्याच पाण्यापाशी गरिबाचा प्रवास अजून तुटतो.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. होड्या बुडाल्या तेव्हा बांध आठवला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली, तेव्हा नव्या पुलासाठी लष्कर बोलावले गेले आणि काही महिन्यांत पूल उभा राहिला. म्हणजे काम अशक्य नव्हते. निकड वाटायला मरण लागले.

नव्या पुलाची लांबी आणि खर्च आपण कौतुकाने वाचतो. त्याबरोबर आवाबाईंच्या अटीचा प्रश्नही विचारला पाहिजे : खिशात पैसा नसलेला माणूस इथून पायी पलीकडे जाऊ शकतो का? उत्तर नाही असेल, तर १८४५ च्या मानाने आपण पुढे आलो असे कसे म्हणावे?