गिअरबॉक्सची पाठशुद्धी : प्रस्तावना

मारुतीची सेलेरिओ २०१४ साली एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या, गिअरबॉक्ससह आली आणि क्लचचा पेडल नसलेली परवडणारी गाडी आपल्याकडच्या कितीतरी घरांसमोर उभी राहिली. ती चालवणाऱ्या प्रत्येकाला तिची एक लकब माहीत आहे. गिअर बदलताना गाडी क्षणभर श्वास रोखते, बसलेल्यांच्या माना किंचित पुढे झुकतात आणि मग ओढ परत येते. खंबाटकीचा घाट चढताना तो क्षण जरा जास्तच लांब वाटतो. या गाडीचे गिअर बदलणारी यंत्रणा मॅग्नेटी मरेली या इटालियन कंपनीची होती. त्याच कंपनीने फेरारीच्या शर्यतीच्या गाडीसाठीही अशी यंत्रणा घडवण्यात हातभार लावला होता. जॉन बर्नार्ड यांनी रचलेली फेरारी ६४० ही स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी गाडी २६ मार्च १९८९ रोजी ब्राझीलमध्ये जाकारेपाग्वाच्या ट्रॅकवर उतरली आणि नायजेल मॅन्सेल यांनी तिच्या पहिल्याच शर्यतीत ती जिंकून दाखवली. सेलेरिओतली मान झुकणे आणि फेरारीतला गिअर बदलतानाचा झटका ही एकाच घराण्याची लक्षणे आहेत. म्हणूनच या विषयात मराठी वाचकाला परके वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

विषय असा आहे : साधारण १९९७ ते २०१०च्या दरम्यान बनलेल्या, एकाच क्लचच्या, संगणकाने चालणाऱ्या गिअरबॉक्सच्या वेगवान गाड्या आणि त्यांच्या सॉफ्टवेअरची सुधारणा. १९९७ची फेरारी एफ३५५ एफ१, १९९९ची ३६० मोडेना, २००१पासून एसएमजी-२ गिअरबॉक्ससह मिळणारी बीएमडब्ल्यू एम३ ही त्यातली ठळक नावे. पुढे दोन क्लचचे गिअरबॉक्स आले. २००३ला फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२मध्ये, २००८ला पोर्शे ९११मध्ये आणि फेरारी कॅलिफोर्नियामध्ये. एक गिअर सुटण्याआधीच दुसरा तयार ठेवणाऱ्या त्या यंत्रापुढे एका क्लचची ही पिढी पाहता पाहता जुनी ठरली. तंत्राच्या इतिहासात अशा मधल्या पिढ्यांची नेहमीच उपेक्षा होते. मला त्या सगळ्यात शिकवण्याजोग्या वाटतात, कारण त्यांच्यात यंत्राची विचार करण्याची पद्धत उघडी पडलेली असते.

आत काय आहे ते एकदा नीट पाहू. गिअरबॉक्स मुळात हाताने चालवायचाच आहे. दातेही तेच, सिंक्रोनायझरही तेच, कोरडी क्लच प्लेटही तीच. फक्त डाव्या पायाचे आणि हाताचे काम तेलाच्या दाबाकडे गेले आहे. विजेवर चालणारा पंप तेल दाबून एका साठवण-टाकीत भरतो, सोलेनॉइड व्हॉल्व्ह ते हवे तिकडे सोडतात, सेन्सर क्लच आणि गिअर कुठे आहेत ते सांगतात आणि गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट इंजिनाच्या युनिटशी बोलत राहतो. पॅडल ओढला की इंजिनाची ओढ कमी होते, क्लच सुटतो, जुना गिअर निघतो, नवा बसतो, क्लच पुन्हा धरतो आणि ओढ परत येते. हे सारे एकामागून एक करायचे की एक संपण्याआधी दुसरे सुरू करायचे, हा निर्णय सॉफ्टवेअरचा.

वेळेचे सगळे गणित या निर्णयात आहे. २००३च्या ३६० चॅलेंज स्ट्राडालेमध्ये फेरारीने गिअर बदलण्याचा वेळ १५० मिलिसेकंदांवर आणला. २००६च्या ५९९ जीटीबीमध्ये तो १०० झाला आणि २००७च्या ४३० स्कुदेरियामध्ये ६०. एवढ्या अवधीत पापणी पुरती लवतही नाही. दाते तेच, क्लचचे तत्त्व तेच. कृती एकमेकींवर चढवून ठेवण्याचे धैर्य मात्र दरवेळी वाढत गेले. त्यामुळे ३६० मोडेनाच्या मालकांना स्ट्राडालेचे सॉफ्टवेअर आपल्या गाडीत हवेसे वाटणे स्वाभाविकच होते. तसेच एम३च्या मालकांना २००३च्या हलक्या एम३ सीएसएलचे सॉफ्टवेअर हवेसे वाटले. धाकट्या भावंडाचे शहाणपण थोरल्याला द्यायचे, अशी ही कल्पना आहे. ती बऱ्याचदा यशस्वी होते आणि तिच्यातूनच हे क्षेत्र उभे राहिले.

मी या कामाला पाठशुद्धी म्हणतो आणि हा शब्द विचार करून वापरतो. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर तीनशे वर्षे नकलून नकलून पाठात भेसळ झाली होती. त्यांनी प्रती जुळवल्या, अशुद्ध ते काढले आणि कोणी स्वतःची ओवी त्यात घालू नये असे बजावून ठेवले. गाडीच्या कंट्रोल युनिटमधली फाइल हाही एक पाठच आहे. कुठल्या तरी अभियंत्याने क्लच किती झिजू द्यायचा, सिग्नलपाशी गाडी किती रांगू द्यायची, चढावर किती वेळ हाफ क्लचवर धरायची, हे आकड्यांत लिहून ठेवले आहे. त्या आकड्यांमागे वॉरंटीची भीती होती, तेव्हाच्या प्रोसेसरची मर्यादा होती आणि अननुभवी चालकाची काळजीही होती. यातले काय काळाबरोबर गैरलागू झाले आणि काय आजही शहाणपणाचे आहे, हे न ओळखता फाइल बदलणारा माणूस संपादक नव्हे. तो भेसळ करणारा नकलनवीस आहे.

एक उदाहरण पुरेल. या गाड्यांमध्ये क्लच प्लेट नेमकी कुठे धरायला लागते तो बिंदू युनिटला माहीत असावा लागतो. आपले मेकॅनिक ज्याला हाफ क्लच म्हणतात, तोच हा बिंदू. प्लेट झिजत गेली की तो सरकतो. तो चुकीचा नोंदला गेला तर उत्तमातले उत्तम सॉफ्टवेअरही गाडी झटके देत हलवते किंवा प्लेट घासत राहते. चढावर रिव्हर्स घेणे आणि वाहतुकीच्या कोंडीत इंच इंच सरकणे, या दोन सवयींनी या प्लेटा सर्वाधिक जळतात. गिअर बदलण्याचा वेळ कमी करणाऱ्या फाइलचा त्यावर काहीच उपाय नाही. मालक मात्र अनेकदा वेगाचा आकडा मागत येतो, आणि त्याची खरी तक्रार पार्किंगमधल्या थरथरीची असते. त्याला आधी हे सांगणे हा या विद्येचा पहिला धडा आहे.

एक आक्षेप मी गांभीर्याने घेतो. कित्येक जाणकार म्हणतात की ही यंत्रणाच काढावी, पेडल आणि गिअरचा दांडा बसवावा आणि मोकळे व्हावे. बाजारही आज त्यांच्या बाजूने आहे; त्याच काळातल्या हाताने गिअर बदलायच्या फेरारींना एफ१ गिअरबॉक्सच्या गाड्यांपेक्षा जास्त भाव मिळतो. तरीही मला हा मार्ग नुकसानीचा वाटतो. एका पिढीने यंत्राला पायाची संवेदना शिकवण्यासाठी जे प्रयत्न केले, त्यांचा पुरावा अशाने गाडीगणिक पुसला जातो. सुधारलेले सॉफ्टवेअर तो पुरावा जिवंत ठेवते, शिवाय गाडी रोज चालवण्याजोगी करते.

कामाच्या शिस्तीबद्दल थोडे सांगतो, बाकीचे पुढच्या प्रकरणांत येईलच. मूळ फाइल वाचून, तारीख आणि किलोमीटर लिहून जपून ठेवल्याशिवाय नवी फाइल चढवू नये. फाइल चढताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर युनिट कायमचा मुका होऊ शकतो, म्हणून स्थिर पुरवठा लावूनच बसावे. नंतर गिअरच्या जागा आणि क्लचचा बिंदू युनिटला नव्याने शिकवावा लागतो. ही पायरी गाळून केलेल्या कामांनीच या क्षेत्राला बदनाम केले आहे. गाडी विकताना काय बदलले ते पुढच्या मालकाला लिहून द्यावे. जुनी फाइल आरसी आणि विम्याच्या कागदांसोबतच त्याच्या हाती पडली पाहिजे.

यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी, गाड्यांच्या आवाजावरून रोग ओळखणारे गॅरेजवाले, प्रोग्राम लिहिणारे आणि जुन्या गाडीवर नुसताच जीव असलेले, अशा सगळ्यांना इथे जागा आहे. कुणी संगणकाकडून येईल, कुणी ग्रीस लागलेल्या हातांनी. दोघांनाही एकमेकांकडून शिकावे लागेल. सुरुवातीला लॅपटॉपची गरज नाही. अशी एखादी गाडी पाहायला मिळाली तर चावी फिरवण्याआधी चालकाच्या बाजूचे दार उघडा आणि कान द्या. यांतल्या बहुतेक गाड्यांत दार उघडताच मागे कुठेतरी पंप घरघरतो, दाब भरतो आणि थांबतो. किती सेकंद चालला ते मोजा. मग इंजिन सुरू करून दोन-चार गिअर बदला आणि तो किती वेळाने पुन्हा जागा होतो ते ऐका. सारखा सारखा जागा होत असेल, तर साठवण-टाकी दाब धरत नाही किंवा तेल कुठेतरी गळते आहे. तेव्हा फाइलला हात लावू नका, आधी पाना घ्या.