खादी, पॉलिएस्टर आणि घर्षणविद्युत्

हुबळी-धारवाडचा मुलूख कापसाचा. हुबळीतील बेंगेरी येथे १९५७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या केंद्रात खादीचे राष्ट्रध्वज शिवले जातात. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन पॉलिएस्टरच्या ध्वजांसही परवानगी मिळाली. कातणाऱ्या-विणणाऱ्या हातांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. संघाने विरोध नोंदविला. या दोन वस्त्रांमधील एका भेदाचे मूळ विजेच्या इतिहासात आहे.

१७२९ साली इंग्लंडात स्टीफन ग्रे याने घासलेल्या काचनळीचा विद्युत्‌भार सुतळीवरून शेकडो फूट दूर नेला. सुतळी रेशमी धाग्यांनी टांगली तेव्हा हे साधले. धातूच्या तारेने टांगताच भार निसटला. काही पदार्थ भार वाहू देतात, काही अडवितात, हे त्यावरून कळले. १७३३ मध्ये फ्रान्सच्या द्यु फे याने भाराचे दोन प्रकार सांगितले. १८९७ साली जे. जे. टॉमसन याने इलेक्ट्रॉन शोधला आणि कोडे पुष्कळसे सुटले. घर्षणाने वीज नव्याने उत्पन्न होत नाही. दोन पदार्थ एकमेकांस भिडून विलग होताना भार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. इलेक्ट्रॉन गमावणारा धनभारित होतो, मिळविणारा ऋणभारित.

तो भार टिकणे न टिकणे बव्हंशी ओलाव्यावर अवलंबून असते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असता कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून खादीवरील भार लवकर ओसरतो. पॉलिएस्टर तो धरून ठेवते आणि धूळ ओढून घेते. कायद्याने दोन्ही वस्त्रे एकाच काठीवर चढविली. धाग्यांचे स्वभाव मात्र निराळेच राहिले.